सगळ्यात वरचा फाटा

सोमवार, ३ सप्टेंबर २०१८
रोहिणखेड

आले एकदाची. मोताळ्याहून काळीपिवळीत सोळा माणसं, दोन कोंबड्या आणि मांडीवर लॅपटॉप. लॅपटॉप शाबूत आहे, म्हणजे दिवस चांगला गेला म्हणायचा.

मला इथं कामाला पाठवणाऱ्या संस्थेनं दिलेली जागा म्हणजे जब्बरभाईंच्या – नाही, जब्बारभाईंच्या, पहिल्याच दिवशी नाव चुकवलं आणि खोडलं – फवारणी पंप दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढची ऑफिसची, मागची माझी. खिडकीतून जुनी मशीद दिसते आणि तिच्यापलीकडे नजर जाईल तिथपर्यंत कपाशी. खालून औषधाचा वास येतो, उग्र, थोडा गोडसर. जब्बारभाई म्हणाले, दोन दिसात नाकाले सवय होते, मंग येतच नाही. माझं नाव चांगुणा आहे हे ऐकून ते म्हणाले की या नावाच्या त्यांच्या ओळखीच्या साऱ्या बाया ऐंशीच्या वरच्या हायेत. पणजीचं नाव ठेवलं की असंच होणार. सव्वीस वर्षं ऐकतेय.

जेवणाची सोय फार झकास. मागच्या गल्लीतल्या वच्छलाबाई डबा करतात आणि त्यांचे यजमान शेषरावभाऊ तो शेतात जाता जाता सकाळी आणून देतात. आज भाकर, मिरचीचा ठेचा आणि बरबटीची, म्हणजे चवळीच्या शेंगांची भाजी. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं तर शेषरावभाऊंनी काळजीनं विचारलं, काऊन वं ताई, घरची याद आली का.

आईनं दिलेल्या या वहीत रोज लिहायचं ठरवलंय. दिवसभर टाइपच करते, निदान स्वतःचं तरी पेनानं लिहावं.

बुधवार, ५ सप्टेंबर

कामाचं लिहिते, म्हणजे पुढं वाचताना माझं मलाच कळेल.

जब्बारभाईंचा मुलगा कलीम. हल्ली मस्कतला असतो. त्यानं तीन वर्षांपूर्वी 'फवारा' नावाचं मोबाइलवरचं ॲप लिहिलं. कपाशीवर कोणती कीड दिसते ते दाबायचं, की कोणतं औषध, एका पंपाला किती, ते येतं. बीटी बियाण्याला बोंडअळी लागत नाही असं सगळे धरून चालले होते, आणि गेल्या वर्षी गुलाबी अळीनं बोंडंच्या बोंडं आतून खाल्ली, तेव्हापासून ज्याच्या त्याच्या फोनवर हे आहे. कलीमनं ते सगळ्यांना खुलं ठेवलं होतं. कुणीही नक्कल घ्यावी, आपल्याला हवं तसं बदलावं. मग कृषी केंद्रवाल्यांनी घेतली, बचत गटांनी घेतली, खामगावच्या कॉलेजातल्या पोरांनी घेतली, देऊळगाव राजाच्या एका मास्तरांनी घेतली. नकलेचीही नक्कल झाली. आज अशा एकेचाळीस आहेत, सगळ्यांचं नाव 'फवारा', सगळ्यांवर तेच हिरवं बोंड. त्यातली कोणती ताजी, कोणती मेलेली, कोणतीत दोन वर्षांमागची औषधं आहेत, कुणाला काही कळत नाही. मी त्यांची यादी करायची. कोण कुणापासून निघालं, काय बदललं, शेवटचा हात कधी लागला, सगळं एका पानावर, सहज सापडेल असं.

अशा नकलेला आम्ही फोर्क म्हणतो हे जब्बारभाईंना सांगितलं. ते पान खात ऐकत होते. म्हणाले, हा तर फाटा झाला की बाई. फाट्यावर पाटी नसली तर नवा माणूस कुठंबी जाईल, तुमी पाटी लावून राह्यल्या. दोन वर्षं मी हे लोकांना इंग्रजीत समजावून सांगत होते. आता यादीचं नाव 'फाटेयादी'.

शुक्रवार, ७ सप्टेंबर

एकेचाळीस फाटे आणि मात्रा लिहायच्या चौदा तऱ्हा. कुणी मिलीत, कुणी थेंबात, कुणी 'थोडं'. थोडं म्हणजे किती, हे त्या मास्तरांना विचारायला हवं. एकाला दुसऱ्याशी ताडून बघायचं तर माप एक पाहिजे.

इथं मिली कुणी बोलतच नाही. झाकण बोलतात. बाटलीच्या बुचात औषध ओतायचं, एका पंपाला एक झाकण, दोन झाकणं. जब्बारभाईंच्या फळीवर रिकाम्या बाटल्यांच्या झाकणांचा डबाच आहे, वायसर करायला उपयोगी पडतात म्हणून ठेवलेली. तो वर आणला आणि दिवसभर सिरिंजनं पाणी भरून एकेक मोजलं. अकरा प्रकारची झाकणं निघाली. शंभर मिलीच्या बाटलीचं लहान झाकण पाच मिलीचं, लिटरच्या कॅनचं मोठं पंचवीसच्या घरात. यादीत लहान झाकण हेच माप धरलं. दिसायलाही सुटसुटीत. हाताला वास राहिलाय, तीनदा साबण लावला.

सोमवार, १० सप्टेंबर

काल पोळा. वच्छलाबाईंकडे जेवले, पुरणपोळी तीन. त्यांच्या छकुलीनं, ती सातवीत आहे, बैलाच्या शिंगांचा उरलेला रंग माझ्या नखांना लावला.

आज यादी सुरू झाली. पहिले वापरणारे शेषरावभाऊ. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही आणि चष्मा त्यांना 'मास्तरासारखा' वाटतो. म्हणून मी सोपं केलं: ज्या फाट्यावर सगळ्यात अलीकडे हात लागलाय तो सगळ्यात वर. वाचत बसायचं नाही, सगळ्यात वरचा दाबायचा. त्यांनी दाबला, गुलाबी अळीवरचं औषध आलं, पंपाला एक झाकण. खूश झाले. संध्याकाळपर्यंत चावडीवरच्या सगळ्यांना सांगून आले की ताईनं लय सोपं केलं, वरचा दाबाचा. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बुधवार, १२ सप्टेंबर

उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात. टाइप करून करून.

कलीमचा मस्कतहून फोन आला. चांगला बोलतो, घाई नाही. यादी पाहिली, आवडली म्हणाला. फक्त झाकण काढा म्हणाला. त्यानंही पहिल्या वर्षी झाकणच लिहिलं होतं, मग एकेका दुकानात एकेक बूच बघून झोप उडाली आणि मिली केलं. मी म्हटलं, लोक झाकणच बोलतात. तो म्हणाला की बोलू द्या, तुम्ही लिहू नका. पटलं. पण एकेचाळीस ठिकाणी पुन्हा बदलायचं जिवावर आलं. रविवारनंतर करीन.

गुरुवार, १३ सप्टेंबर

शेषरावभाऊंनी पेट्रोलवरचा पंप घेतला, जुना, मोताळ्याच्या माणसाकडून. डबा देताना तेवढंच बोलत होते. मंगळवारी त्याच्यानं पुरं अडीच एकर फवारणार, बोंडात अळी दिसून राह्यली. गेल्या वर्षी फरदड, म्हणजे मागून येणारं दुसरं पीक तर सोडाच, पहिल्या वेचणीचंही काही हाती लागलं नव्हतं. या वर्षी छकुलीला बुलढाण्याला शिकायला ठेवायचं आहे. एवढं कपाशीचं बरं जाऊ दे म्हणाले.

जब्बारभाईंनी मला समजावलं. पाठीवरच्या हातपंपाला एक झाकण. पेट्रोल पंपाची एक टाकी तिप्पट रान भिजवते, म्हणून तिच्यात औषध तिप्पट. तीन. हे एकाही फाट्यावर लिहिलेलं नाही. लिहायला हवं.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

आज यादीत बेचाळीस.

नवा फाटा सगळ्यात वर आहे. मालकाचं नाव नाही. शेवटचा बदल: १८ सप्टेंबर, सकाळी ६.४०. शेरा: मात्रा दुरुस्त केली.

आज चौदा तारीख आहे. कुणाच्या तरी कॉम्प्युटरचं घड्याळ पुढं असणार, असं होतं. पण तारीख पुढची, म्हणून तो आता चार दिवस वरच राहणार. यादीतून काढून टाकला. चहा पिऊन आले तर परत वर होता.

कलीमला विचारलं. त्याचा नाही.

शनिवार, १५ सप्टेंबर

वर्षाप्रमाणे लावली यादी, तो वर. नावाप्रमाणे लावली, तो वर. जुना आधी अशी उलटी लावली, तरी तोच वर. मी नीटनेटकी बाई आहे, मला असला पसारा सहन होत नाही, म्हणून शेवटी तो उघडला.

आत सगळं इतरांसारखंच. फक्त गुलाबी अळीच्या पानावर मात्रेची जागा रिकामी आहे. आणि एक जास्तीची फाइल. नाव 'रोजनिशी'.

आले एकदाची. मोताळ्याहून काळीपिवळीत सोळा माणसं, दोन कोंबड्या.

ही वही माझ्या उशीखाली असते. पेनानं लिहिलेली. मी कुणाला दाखवलेली नाही. त्यात 'जब्बरभाईंच्या – नाही, जब्बारभाईंच्या' हेसुद्धा आहे.

आजच्या तारखेपर्यंत वाचलं. हे मी आत्ता लिहितेय तेही तिथं आहे, सकाळपासून आहे. त्याच्याखाली अजून मजकूर आहे. तो वाचला नाही, फाइल बंद केली.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. बोटांसारखंच झालंय, लागतं पण कळत नाही.

रविवार, १६ सप्टेंबर

वाचलं. सगळं नाही, थेट शेवट. शेवटची नोंद मंगळवार, १८ची, आणि ती अर्ध्यात तुटते. शेवटची ओळ इतकीच:

शेषरावभाऊंना सांगायचं राहि

ती ओळ पुन्हा वाचली.

सांगायचं राहिलं म्हणजे मी अजून सांगू शकते. सरळ त्यांच्या घरी गेले. जे जे सुचलं ते सगळं सांगितलं. तोंडाला फडकं बांधा. हातमोजे घाला, संस्थेचे दोन जोड आहेत ते दिले. वाऱ्याच्या उलट्या बाजूनं फवारू नका. तंबाखू खाऊ नका, मधे हात न धुता पाणी पिऊ नका. बूट घाला. चक्कर आली की लगेच बांधावर या. शेषरावभाऊ हसत होते. वच्छलाबाई म्हणाल्या, ताई, लगन लावून सासरी धाडून राह्यल्या का यायले? छकुलीनं सगळं पाटीवर लिहून घेतलं.

काहीच राहिलं नसेल. निघताना आणखी एकदा विचार केला. नाही, काही राहिलं नाही.

सोमवार, १७ सप्टेंबर

पेन नीट धरता येत नाही. अक्षर बघून आई ओरडेल. आता ओठही जड झालेत. जब्बारभाईंनी हात पाहिले, मग टेबलावरचा झाकणांचा डबा पाहिला. हातमोजे घालून मोजली होती का विचारलं. त्यांच्या बायकोनं साबण न् गरम पाणी दिलं. उद्या मोताळ्याला डॉक्टरांकडे नेतो म्हणाले.

शेषरावभाऊ औषध आणायला मोताळ्याला गेलेत. फोन लागत नाही.

मात्रेची जागा अजून रिकामी. उद्या ते वरचाच दाबणार, मीच शिकवलंय. रिकामं दिसलं तर अंदाजानं ओततील. कमी पडलं तर अळी राहील, वर्ष जाईल, छकुलीचं बुलढाणं जाईल. जास्त पडलं तर – 

भरायला हवं. पण त्या फाट्याला मालक नाही, मला कोण बदलू देणार. आणि हात –

मी जरा पडते. खाली जब्बारभाईंकडे कुणीतरी काहीतरी आणून ठेवलं. जड. उठून बघायचा कंटाळा आला.

मंगळवार, १८ सप्टेंबर
सकाळी

त्या फाट्यानं पासवर्ड मागितला. माझा टाकला. लागला. मालकाच्या जागी नाव आलं: चांगुणा.

मात्रेत भरलं. भाऊ पेट्रोल पंपानं फवारणार, म्हणून नुसतं ३ झाकणं. शेऱ्यात काय लिहायचं सुचेना, मात्रा दुरुस्त केली असं लिहिलं. दाबलं. मग स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ दिसलं.

६.४०.

तो बदल मीच केला. चार दिवसांपासून मीच –

७.१०

डबा आला नाही म्हणून खाली गेले. पायऱ्या पायांना कळत नाहीत, शेवटच्या तीन पडून उतरले.

जब्बारभाईंच्या बाकावर पेट्रोल पंप आहे. दुरुस्तीसाठी उघडलेला. कार्बोरेटर वेगळं ठेवलंय. दोरीला चिठ्ठी बांधली आहे, शेषराव, काल संध्याकाळी.

७.२०

शेषरावभाऊंना फोन लावला, छकुलीनं उचलला आणि सांगितलं. बाबा फोन घरीच ठेवून गेले. सहा वाजल्यापासून पाह्यत होते, रिकामं दिसत होतं, मंग आकडा आला तवा उठले. ताईनं तीन लिहेल हाय म्हणून लय खूश होते. पंप कोणता नेला विचारलं. पाठीवरचा. जुना. औषधाची बाटली कोणती विचारलं. मोठी, लिटरची कॅन.

मोठं झाकण. तीन. हातपंपात. पाचाच्या जागी पंचाहत्तर मिली.

७.३०

जब्बारभाई मोटरसायकलवर गेले. शेत नाल्यापलीकडे आहे, पोचायला वीस मिनिटं. मी जाऊ शकत नाही, पाय –

विचार करायचा. ती रोजनिशी 'राहि' वर तुटते. तिथून पुढं एक ओळ जरी मी लिहिली तर हा वेगळा फाटा. तिथलं काही इथं लागू नाही. म्हणून लिहीत राहायचं. थांबायचं नाही. आणि ते वाक्य लिहायचं नाही. दुसरं काहीही चालेल.

खिडकीतून मशीद दिसते. कपाशी दिसते. ठेचा तिखट होता. नखांवर अजून शिंगांचा रंग आहे, पण बोट चावलं तरी कळत नाही. वच्छलाबाई रस्त्यात येऊन उभ्या आहेत. हातात माझा डबा.

७.५५ असेल

अजून लिहितेय. अजून लिहितेय. वासाची सवय झाली, येतच नाही आता.

८.२०

ऑटो आला. मागून दोन पाय बाहेर. बूट आहेत. सांगितले तसे बूट घातलेत, हातमोजेसुद्धा. तोंडाला फडकं. वच्छलाबाईंचा डबा पडला, भाकर रस्त्यात. ऑटो मोताळ्याकडे –

जब्बारभाई वर आलेत. दारात उभे आहेत. विचारतात, बेटा, सांगतलं नव्हतं का त्याले.

सांगितलं होतं. वारा सांगितला, तंबाखू, पाणी, सगळं, छकुलीच्या पाटीवर आहे. फक्त पंप कोणता आणि झाकण कोणतं, एवढंच शेषरावभाऊंना सांगायचं राहि